नळीवरचे जगणे : घरच्या नलिकापोषणातील जीवनगुणवत्तेचे विवेचन

१. विषय आणि प्रतिपादन

तोंडाने पुरेसे अन्न जात नाही, पण जठर आणि आतडी चालू आहेत, अशा रुग्णाला नळीवाटे अन्न देतात. नळी नाकातून जठरापर्यंत जाते किंवा पोटाच्या भिंतीतून थेट जठरात वा लहान आतड्यात बसवलेली असते. रुग्णालयात हे काम परिचारिकेच्या ड्यूटीचा भाग असते. डिस्चार्ज मिळाला की तेच काम पत्नीच्या, सुनेच्या, मुलाच्या किंवा रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशींच्या हातात येते. कालपर्यंतचा उपचार आजपासून घराचा दिनक्रम होतो.

नवी मुंबईत अशी घरे बरीच आहेत. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण दूरदूरहून तेथे किरणोपचारांसाठी येतात, आसपास भाड्याची खोली घेऊन सहा-सात आठवडे राहतात आणि त्यांतल्या काहींच्या नाकात नळी असते. वाशीचे महापालिका रुग्णालय, नेरूळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम, बेलापूरचे अपोलो अशा रुग्णालयांतून पक्षाघाताचे आणि डोक्याला मार लागलेले रुग्ण घरी जातात. हे घर कधी सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असते, तर कधी टॉवरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट असतो आणि त्यातली दोन्ही कमावती माणसे दिवसभर बाहेर असतात.

डिस्चार्ज कार्डावर नळीबद्दल बहुधा एकच ओळ असते : ‘आरटी फीड, २५० मिली, दर दोन-अडीच तासांनी’ (आरटी म्हणजे राइल्स ट्यूब, नाकातली नळी). किती अन्न जावे हे त्या ओळीवरून कळते. ते कोणी, कोणत्या वेळी, किती काळ द्यायचे आणि त्यातून रुग्णाचा दिवस कसा जाईल, हे तिच्यात नसते. या लेखाचे प्रतिपादन असे की नळीवरच्या रुग्णाच्या जगण्याची प्रत मुख्यतः या न लिहिलेल्या गोष्टींवर ठरते. फीडची घनता, वेळापत्रक, देणारे हात, तोंडाला उरलेला अनुभव आणि निर्णयातला रुग्णाचा वाटा हे ते घटक होत. यांतले बहुतेक घटक बदलता येतात. म्हणून त्यांचा विचार डिस्चार्जच्या आधी व्हायला हवा.

२. गुणवत्ता कशाला म्हणायचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनगुणवत्ता म्हणजे आपल्या जगण्यातील स्थानाबद्दल माणसाची स्वतःची जाणीव. आणि ही जाणीव त्याच्या संस्कृतीच्या, मूल्यांच्या, उद्दिष्टांच्या आणि अपेक्षांच्या संदर्भात घडते. यातला ‘स्वतःची’ हा शब्द कळीचा आहे. वजन, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन ही डॉक्टरांची मापे झाली. ती सुधारली तरी रुग्णाचा दिवस वाईट जाऊ शकतो.

ग्लासगोचे कर्करोगतज्ज्ञ केनेथ काल्मन यांनी १९८४ मध्ये याला नेमके रूप दिले. त्यांच्या मते अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातले अंतर जितके कमी, तितकी गुणवत्ता जास्त. नळीच्या संदर्भात ही कल्पना फार उपयोगी पडते, कारण अंतर कमी करण्याचे दोन मार्ग तीतून दिसतात. एक, प्रत्यक्ष सुधारणे : नळी बदलणे, फीड बदलणे, वेळा बदलणे. दुसरा, अपेक्षा खरी करणे. ‘महिनाभरात जेवायला लागाल’ असे मोघम आश्वासन मिळालेला रुग्ण दुसऱ्या महिन्यात खचतो. ‘तीन महिने लागू शकतात, दर महिन्याला गिळण्याची तपासणी करू’ असे ऐकलेला त्याच शारीरिक अवस्थेत टिकून राहतो.

३. रुग्णांचे तीन वर्ग

नळीवरचे सगळे रुग्ण एका मापाने मोजता येत नाहीत. त्यांचे वर्गीकरण आजाराच्या नावापेक्षा नळीच्या मुदतीवर करणे अधिक फलदायी आहे.

पहिला वर्ग ठरावीक मुदतीचा. किरणोपचारांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ घट्ट होते, पाण्याचा घोटही जळजळतो. नळी लागते ती उपचार संपेपर्यंत आणि पुढे काही आठवडे. या रुग्णाचा शत्रू वजनातली घट आणि त्यामुळे उपचारात पडणारा खंड. नळीमुळे औषधे आणि अन्न न झगडता पोटात जात असल्याने पुष्कळांना ती सुटकेसारखी वाटते. धोका वेगळाच आहे. नळी आहे म्हणून गिळणे पूर्ण थांबवले, तर घशाचे स्नायू वापराअभावी आखडतात. उपचारांच्या काळात थोडे का होईना तोंडाने घेत राहणारे आणि गिळण्याचे व्यायाम करणारे रुग्ण पुढे चांगले जेवू लागतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

दुसरा वर्ग अनिश्चित मुदतीचा : पक्षाघात, डोक्याची दुखापत. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया अनेकांत पहिल्या काही आठवड्यांत परत येते, काहींत महिनोन्महिने येत नाही. या वर्गात सर्वांत जाच अनिश्चिततेचा. घर धड तात्पुरती सोय करत नाही, धड कायमची. पलंग हॉलमध्येच राहतो, सून रजा वाढवत राहते.

तिसरा वर्ग कायमच्या नळीचा : मोटर न्यूरॉनसारखे मज्जासंस्थेचे वाढते आजार, अन्ननलिकेतला न निघणारा अडथळा, सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुले. येथे नळी निघण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. नळीसह चांगले जगणे हेच उद्दिष्ट असते. डिमेन्शियाची शेवटची अवस्था वरवर याच वर्गात बसते, पण तिचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे येईल.

४. नाकातली नळी की पोटातली

नाकातल्या नळीला आपल्याकडे सर्रास राइल्स ट्यूब म्हणतात. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश वैद्य जॉन राइल यांनी जठरातील पाचकरस तपासण्यासाठी अशी बारीक नळी वापरात आणली. जठरातले काढून घेण्यासाठी आलेली ही नळी पुढे अन्न देण्यासाठी रुळली. पोटातून बसवायची पेग नळी १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी प्रथम बसवली. एंडोस्कोपीच्या मदतीने, पोट न उघडता करायची ही पद्धत आधी मुलांसाठी निघाली.

जगण्याच्या दृष्टीने दोघींत मोठा फरक आहे. नाकातली नळी चेहऱ्यावर दिसते, गालावर चिकटपट्टीने बांधलेली असते, नाकपुडीत जखम करते, घशात सतत काहीतरी अडकल्याची भावना देते. सोसायटीच्या गेटवर, गणपतीच्या आरतीला, लोकलच्या डब्यात ती लपत नाही. पेग शर्टाखाली झाकली जाते. क्लिनिकल न्यूट्रिशनची युरोपीय संस्था एस्पेन हिच्या २०२० च्या घरगुती नलिकापोषणावरील सूचनांनुसार चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ गरज दिसत असेल, तर पोटातली नळी पसंत करावी.

तरीही आपल्याकडे कित्येक रुग्ण महिनोन्महिने नाकातली नळी वागवतात. कारणे उघड आहेत. ‘पोटाला भोक पाडायचे’ याची धास्ती असते, खर्च असतो. शिवाय पोटात नळी बसवणे म्हणजे आता हे कायमचे असे कबूल करणे, ही भावनाही असते. नाकातली नळी तात्पुरती वाटते. मग या तात्पुरतेपणाची किंमत प्रत्येक बदलीला मोजावी लागते. साध्या पीव्हीसी नळीतला मऊपणा आठवड्या-दोन आठवड्यांत जातो आणि ती कडक होते. पॉलियुरेथेनची किंवा सिलिकॉनची नळी साधारण चार ते सहा आठवडे चालते. महाग वाटणारी नळी घेतली तर महिन्यातल्या दोन-तीन त्रासदायक बदल्या वाचतात, हे दुकानदार सांगत नाही आणि कार्डावर लिहिलेले नसते.

रात्री दोन वाजता झोपेत रुग्णाने नळी ओढली, तर काय होते ते पाहावे. परिचारिका घरी येऊन ती पुन्हा घालू शकते, पण नळी जठरात आहे की श्वासनलिकेत, हे ठरवायचे कसे? सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवण्याची रूढ पद्धत भरवशाची नाही. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच पट्टीवर ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर नळी जठरात असल्याचा आधार मिळतो. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही कसोटीही फसू शकते. शंका उरली तर एक्स-रे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन माणसांनी खाली आणणे, रिक्षा, कॅज्युअल्टी, पुन्हा तोच जिना. दोन बदल्यांनंतर रुग्णाच्या हाताला कापडी बंध बांधले जातात. जीवनगुणवत्तेच्या मापावर नळीपेक्षा हे बंध किती तरी जड आहेत.

म्हणून पेग सगळ्यांना सरसकट चांगली, असेही नाही. फूड नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या एका भागात पक्षाघातानंतर लवकर पेग बसवलेल्या आणि नाकातली नळी घातलेल्या मिळून ३२१ रुग्णांची तुलना होती. मृत्यू किंवा वाईट परिणती यांचे प्रमाण पेगच्या गटात ७.८ टक्क्यांनी जास्त निघाले. तात्पर्य असे की पक्षाघातात पहिले दोन-तीन आठवडे नाकातली नळी ठेवून वाट पाहावी. त्यानंतर मात्र निर्णय टाळू नये.

५. वेळेचा हिशेब

नळीवरच्या जगण्याचा सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे वेळ. त्याचा हिशेब मांडता येतो.

साठ किलो वजनाच्या रुग्णाला किलोमागे ३० कॅलरी धरल्या, तर दिवसाला १,८०० कॅलरी लागतात. फीड मिलीलिटरला एक कॅलरी असेल तर १,८०० मिली, म्हणजे साधारण २५० मिलीची सात फीड्स. सकाळी सहाला पहिले आणि रात्री नऊला शेवटचे धरले, तर दर अडीच तासांनी एक. प्रत्येकाला कोमट करणे, नळी तपासणे, पाणी सोडणे, सावकाश फीड देणे, पुन्हा पाणी, सिरिंज धुणे असे ४० मिनिटे धरू. सात फीड्सचे ४ तास ४० मिनिटे झाले. प्रत्येक फीडनंतर उलटी आणि ठसका टाळण्यासाठी पाठ ३० ते ४५ अंशांत उचलून ठेवायची, ती पाऊण तास. हे आणखी सव्वापाच तास. जागेपणीच्या पंधरा तासांपैकी जवळजवळ दहा तास रुग्ण फीडला बांधलेला राहतो. उरलेले तास तुकड्यांत येतात. एकही तुकडा सव्वा तासाहून मोठा नसतो. फिजिओथेरपी, अंघोळ, डुलकी, पाहुणे, खाली बागेत बसणे, सगळे त्यातच कोंबायचे.

आता फीडची घनता मिलीलिटरला दीड कॅलरी करू. १,२०० मिलीमध्ये काम होते, म्हणजे पाच फीड्स. त्याच हिशेबाने देण्याचा वेळ ३ तास २० मिनिटे आणि बसण्याचा ३ तास ४५ मिनिटे, एकूण सात तास पाच मिनिटे. दिवसाचे पावणेतीन तास मोकळे झाले आणि दोन फीड्समधले अंतर पावणेचार तासांवर गेले. आता रुग्णाला दुपारी सलग झोप मिळते, संध्याकाळी खाली नेता येते.

या सुटीची अट एकच. घट्ट फीडमध्ये पाणी कमी असते. १,२०० मिलीतून साधारण ९०० मिली पाणी मिळते; किलोमागे ३० मिलीच्या हिशेबाने गरज १,८०० मिलीची. उरलेले ९०० मिली वेगळे द्यावे लागते आणि एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत त्याहूनही जास्त. प्रत्येक फीडच्या आधी ५० आणि नंतर १०० मिली सोडले तर ७५० होतात, बाकीचे औषधांबरोबर जातात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला हे आकडे लागू नाहीत. त्याचे पाणी डॉक्टरच ठरवतील. घट्ट फीड सोसते का, जुलाब होतात का, हेही पाहावे लागते. पण हा बदल करून पाहता येतो, हेच मुळात अनेक घरांना कोणी सांगितलेले नसते.

औषधांचाही वेळेशी संबंध आहे. प्रत्येक गोळी वेगळी कुटून, वेगळ्या पाण्यातून द्यायची. सगळ्या एकत्र कालवल्या तर नळी तुंबते. सावकाश विरघळणाऱ्या किंवा विशिष्ट आवरणाच्या गोळ्या कुटायच्याच नसतात. फिट्सवरचे फेनिटॉइन फीडबरोबर दिले तर नीट शोषले जात नाही. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाची प्रथिनांशी स्पर्धा होते. त्यांना फीडपासून अंतर लागते. सात फीड्सच्या वेळापत्रकात हे अंतर बसवणे कठीण, पाचच्या वेळापत्रकात सोपे.

६. स्वयंपाकघरातले फीड

डब्यातली तयार पावडर महिनोन्महिने परवडणे बहुतेक घरांना शक्य नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना रुग्णालयातल्या उपचारांच्या पॅकेजची आहे. घरी गेल्यावरचे रोजचे अन्न तिच्या चौकटीबाहेर पडते. त्यामुळे मिक्सर आणि गाळणी हीच नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांची फीडशाळा आहे.

घरच्या फीडची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. नळी तुंबू नये म्हणून ते पातळ केले जाते आणि पातळ करता करता त्यातले अन्न जाते. भाताची पेज, डाळीचे वरचे पाणी, गाळलेले सूप यांत पाणीच जास्त. डाळीतली प्रथिने भांड्याच्या तळाशी आणि गाळणीत राहतात. सात वेळा फीड देऊनही रुग्ण वाळत जातो आणि घरचे म्हणतात, ‘एवढं करतोय तरी अंगाला लागत नाही.’

पातळ पण पौष्टिक असे फीड करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकात आहे. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिठातला स्टार्च तोडते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बालकांच्या आहारासाठी याचा पद्धतशीर अभ्यास केला. नाचणीला मोड आणून, वाळवून, अगदी हलके भाजून दळलेले पीठ चमचाभर घ्यावे आणि शिजून कोमट झालेल्या घट्ट खिमटात ढवळावे. खिमट बघता बघता सैल होते. मग एक उकळी द्यावी. पाणी न वाढवता ते नळीतून जाऊ लागते. पीठ खरपूस भाजले तर विकर मरते आणि युक्ती फसते. सैल झालेल्या खिमटात दूध किंवा दुधाची पावडर, पूर्ण शिजवलेले अंडे, शिजलेली आख्खी डाळ आणि चमचा-दोन चमचे तेल मिक्सरमधून फिरवून बारीक गाळून घातले की घनता वाढते. अशा फीडला १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) किंवा त्याहून जाड नळी लागते. केलेले फीड लगेच फ्रीजमध्ये ठेवावे, लागेल तेवढेच कोमट करावे, चोवीस तासांत संपवावे. आपल्या दमट हवेत ओट्यावर राहिलेले फीड दुपारपर्यंत जंतूंचे घर होते.

या बाबतीत जगातला मतप्रवाह स्थिर नाही. युरोपीय सूचनांचा कल तयार फीडकडे आहे, कारण त्याचे घटक निश्चित आणि ते निर्जंतुक. उलट ब्रिटनमधल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये घरच्या अन्नाच्या फीडबद्दलची आपली पूर्वीची नकारात्मक भूमिका सैल केली. घरात सगळ्यांसाठी शिजले तेच आपल्यालाही मिळते, याला रुग्णांच्या आणि पालकांच्या लेखी किंमत आहे, हे त्यामागचे एक कारण. तिकडे हौसेने जे परत आणले जात आहे, ते आपल्याकडे गरजेपोटी चालूच आहे. त्याला गरज आहे ती आहारतज्ज्ञाच्या हिशेबाची. मिश्र पद्धतीही शक्य आहे : दोन फीड्स पावडरची, तीन घरची. पावडरची फीड्स अशा वेळी ठेवावीत जेव्हा देणारे हात नवखे असतात.

७. तोंड, चव आणि पंगत

नळी भूक भागवते, पण भाजणीचा वास थांबवत नाही. रुग्णाचे जेवण हरवते तेव्हा चव जाते, दिवसाचे टप्पे जातात, आणि माणसांबरोबर बसण्याचे निमित्तही जाते. डोके-मान कॅन्सरच्या रुग्णांसाठीच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबासमोर खाताना त्रास होतो का’, ‘इतरांसमोर होतो का’ असे प्रश्न मुद्दाम आहेत. आपल्याकडे घरचे लोक प्रेमापोटी उलटेच करतात : रुग्णाला वाईट वाटू नये म्हणून स्वयंपाकघरात उभ्याने जेवतात. त्याने रुग्ण आणखी एकटा पडतो. काही रुग्णांना खरेच वास सोसत नाही, काहींना सगळ्यांत बसायचे असते. विचारल्याशिवाय हे कळत नाही. बसायचे असेल तर एक फीड घरच्या जेवणाच्या वेळेला लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चवीचा प्रश्न वैद्यकीयही आहे. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने परवानगी दिली, तर काही रुग्णांना चमच्याच्या टोकाने आमसुलाचे सार, मध, बर्फाचा चुरा जिभेवर देता येतो. ज्यांना तेही धोक्याचे, त्यांना ओल्या स्वॅबने जिभेला चव देता येते. आणि परवानगी असो वा नसो, दात-जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करावीच लागते. ‘तोंडाने काही घेत नाही, मग दात कशाला घासायचे’ हा समज महागात पडतो, कारण नळी असली तरी लाळ श्वासनलिकेत जातच असते आणि घाणेरड्या तोंडातली लाळ न्यूमोनिया घेऊन जाते. नळी घातली म्हणजे ठसक्याची भीती संपली, असे कोणी समजू नये.

श्रद्धेचाही भाग आहे. चाळीस वर्षे चतुर्थी धरलेल्या बाईंना नळीतून रोज तेच मिश्रण जाते. त्या दिवशी राजगिरा आणि दुधाचे फीड केले, तर पोषणात काही बिघडत नाही आणि त्यांचा उपास त्यांच्याकडे राहतो. साबुदाणा मात्र नळीत चिकटतो, तो टाळावा. असे निर्णय छोटे वाटतात. पण नळीवरच्या माणसाच्या हाती उरलेली सत्ता अशाच निर्णयांतून जपली जाते.

८. सांभाळणारे हात

घरच्या नलिकापोषणात रुग्ण आणि सांभाळणारी व्यक्ती मिळून एकच घटक धरावा लागतो. पनवेलहून सीएसएमटीला लोकलने सव्वा तासाहून जास्त लागतो. साडेसातला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या मुलाच्या वाट्याला सात फीड्सपैकी पहिले आणि शेवटचे, अशी दोनच येतात. उरलेली पाच आई, पत्नी किंवा मावशी देते. पाच फीड्सच्या वेळापत्रकात सकाळी सहा आणि रात्री नऊ ही दोन तो सांभाळतो, मधली तीनच दुसऱ्याकडे जातात. घनतेचा निर्णय असा नोकरीच्या निर्णयाशी जोडलेला आहे.

हे ओझे बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडते आणि तिला शिकवले जाते ते डिस्चार्जच्या धांदलीत, दहा मिनिटांत. शिकवण्याची योग्य रीत साधी आहे. डिस्चार्जच्या आधी दोन दिवस फीड घरच्यांनीच द्यावे, परिचारिकेने नुसते पाहावे. एकाऐवजी दोन माणसांनी शिकावे, म्हणजे एकीला ताप आला तरी घर थांबत नाही. पेग असेल तर जखम भरल्यावर रोज नळी हलकेच फिरवणे आणि सांगितल्याप्रमाणे आठवड्याला थोडी आत ढकलून पुन्हा बाहेर घेणे शिकवावे; नाहीतर आतली चकती जठराच्या भिंतीत रुतून बसते. ताणलेली पट्टी, लाल झालेली कातडी, फीड देताना कळ, फीडनंतर खोकला, नळीवरची खूण सरकणे ही धोक्याची चिन्हे फ्रीजच्या दारावर लावलेली असावीत.

सांभाळणाऱ्याचा भार मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यातला एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : रुग्णासाठी द्याव्या लागणाऱ्या वेळामुळे तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का? ज्या घरात याचे उत्तर महिनोन्महिने ‘नेहमीच’ असते, तिथे फीड घाईत ढकलले जाऊ लागते, आणि घाईतल्या फीडचे पुढचे पाऊल उलटी आणि न्यूमोनिया.

९. मोजमाप आणि त्याची उणीव

गुणवत्ता मोजायची साधने उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत आणि शरीर, मन, सामाजिक संबंध, परिसर असे चार विभाग. डोके-मान कॅन्सरसाठी युरोपीय संस्था ईओआरटीसीच्या ३० प्रश्नांची सर्वसाधारण आणि ३५ प्रश्नांची विशेष अशा दोन प्रश्नावल्या आहेत. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्यांच्या हिंदी आणि मराठी आवृत्त्या भारतीय रुग्णांवर पडताळून २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे मराठी रुग्णाला त्याच्या भाषेत विचारण्याची सोय जुनी आहे.

पण त्या विशेष प्रश्नावलीत नळीबद्दलचा प्रश्न ‘तुम्ही नळी वापरलीत का’ एवढाच, हो किंवा नाही अशा उत्तराचा आहे. या उत्तरावरून नळी असणाऱ्यांचे गुण कमी येतात असे दिसले, तरी त्याचा अर्थ लागत नाही. कारण जे जास्त आजारी आहेत त्यांनाच नळी लागते. आजाराचा परिणाम आणि नळीचा परिणाम एकमेकांत मिसळतात. ही अडचण ओळखून स्पेनमध्ये न्यूट्रिक्वॉल ही १७ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. ती आजार कोणता हे न पाहता घरच्या नलिकापोषणाबद्दलच विचारते. एखादी अडचण किती वेळा येते आणि ती रुग्णाला किती महत्त्वाची वाटते, हे वेगवेगळे नोंदवते. हीच खरी दिशा आहे. ज्याला बाहेर जायचेच नाही, त्याला बाहेर जाता न येणे ही उणीव नसते.

उत्तर कोण देतो, हेही महत्त्वाचे. रुग्णाऐवजी नातेवाइकाला विचारले तर गुण बहुधा कमी पडतात, कारण तो स्वतःची धास्तीही त्यात मिसळतो. रुग्ण हळूहळू नव्या स्थितीशी जुळवून घेतो. काल्मनच्या भाषेत त्याच्या अपेक्षा बदलतात. बोलता येत नसेल तर पाटी, मोबाइल, बोटांची खूण वापरून त्यालाच विचारावे.

१०. ज्याला सांगता येत नाही

प्रगत डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेसह अनेक संस्था अशा रुग्णाला नळीऐवजी हाताने, सावकाश, तो घेईल तेवढे भरवावे असे सांगतात. आपल्या घरांना हा सल्ला कठोर वाटतो, ‘उपाशी कसे ठेवायचे?’ असा प्रश्न येतो. पण शेवटच्या टप्प्यात खाणे कमी होणे हा आजाराचाच भाग असतो, आणि भरवणाऱ्या हाताचा स्पर्श त्या रुग्णाला सिरिंजपेक्षा अधिक कळतो.

या प्रश्नाची कायदेशीर बाजू मुंबईतूनच देशापुढे आली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे तिथल्याच परिचारिकांच्या हातांवर जगल्या. त्यांचे अन्न थांबवावे या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. मागणी फेटाळली, पण उपचार थांबवण्याच्या काही वाटा तत्त्वतः मान्य केल्या. २०१८ मध्ये आगाऊ इच्छापत्राला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली. वाढत्या आजाराच्या रुग्णाला नळीबद्दल काय हवे आहे, हे तो बोलू शकतो तोवर विचारून लिहून ठेवणे, हे आता कुटुंबाच्या हातात आहे.

११. निष्कर्ष

या विवेचनातून चार प्रश्न निघतात आणि ते डिस्चार्ज कार्डावर छापण्याजोगे आहेत. ही नळी किती दिवसांसाठी आहे आणि पुढची गिळण्याची तपासणी कोणत्या तारखेला? फीडची घनता किती आणि त्या हिशेबाने दिवसातून किती वेळा? देणारी दोन माणसे कोण, आणि त्यांनी रुग्णालयात स्वतः किती वेळा देऊन दाखवले? तोंडाने काय चालेल आणि काय चालणार नाही? पाचवा प्रश्न रुग्णासाठी : तुमच्या दिवसातला कोणता तास आम्ही मोकळा ठेवू?

यांतल्या एकाही प्रश्नाला महागडे यंत्र लागत नाही. लागतात ती आहारतज्ज्ञाची वीस मिनिटे, परिचारिकेचे दोन दिवस, आणि घरी गेल्यावर नळी सुटली तर रात्री उचलला जाणारा एक फोन. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला महापालिकेची रुग्णालये आहेत, खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक आहे. एवढ्या जवळजवळ असलेल्या सोयींमध्ये हा फोन आणि ही वीस मिनिटे बसवणे अवघड नसावे. नळी किती कॅलरी पोचवते हे आपण मोजतोच. रुग्णाच्या दिवसातले किती तास ती त्याला परत देते, हे मोजायला लागलो, तर घरी पाठवण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने उपचाराचा भाग ठरेल.